तुसाचे अत्तर

रत्नागिरी,
ता. ५ नोव्हेंबर १९३३

ती. रावजीदादास राहीचा नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यामागून पेटी, दोन्ही सुखरूप पोचली. पेटी राजिवड्याचे युसुफ तांडेल स्वतः डोक्यावर घेऊन आले. गंधकाम्लाची बाटली भुशात नीट बसवलेली होती, तरी अंगणात पाऊल टाकताच त्यांनी आईला हाक मारली, "वहिनी, ही फुटली तर गलबत जळेल म्हणून तुमच्या रावजीनं मला दम भरलाय. घ्या ताब्यात! आता तुमचं घर नि तुमचं नशीब." तेव्हापासून आई पडवीच्या त्या कोपऱ्याकडे पाहतसुद्धा नाही.

तू लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि मला ते कळले आहे की नाही हे तपासण्यासाठी माझ्या शब्दांत मांडते. भाताच्या तुसात एक साखरेच्या जातीचा पदार्थ दडलेला असतो. पातळ गंधकाम्लात तूस उकळले की तो सुटतो, त्याचे फर्फुरल नावाचे तेल बनते आणि ते वाफेबरोबर वर येते. हे सर्व आम्लामुळे घडते. आम्ल मात्र शेवटी होते तेवढेच हंड्यात उरते. अशा पदार्थाला तुम्ही कॅटॅलिस्ट म्हणता. माझ्याजवळच्या मराठी पुस्तकांत त्याला शब्द सापडला नाही, म्हणून मी माझ्यापुरते त्याला 'मध्यस्थ' म्हणणार आहे. मध्यस्थ लग्न जुळवून देतो आणि आला तसा आपल्या घरी परत जातो. अमेरिकेत ओट नावाच्या धान्याच्या तुसापासून हे तेल पिंपे भरभरून काढतात आणि त्यापासून व्हार्निशे बनवतात, आणि आपण आपले तूस चुलीत घालतो, हे वाचून मला चीड आली.

तुझ्या प्रोफेसर दारूवालांची अट मान्य आहे. कोकणातल्या तुसापासून काढलेले, पाण्यापासून वेगळे झालेले तेल एका बाटलीत त्यांच्यासमोर ठेवायचे. मग ते ट्रस्टच्या शिष्यवृत्तीसाठी माझी शिफारस करतील आणि मला विज्ञान शिकायला मुंबईस येता येईल. आप्पांनाही मी विचारले. वडील म्हणून त्यांचा होकार कसा असतो हे तू पाहिले आहेसच. सुपारी कातरत म्हणाले, "जूनपर्यंत थांबेन. शिष्यवृत्ती आली तर जा. नाय आली तर देवरुखच्या मंडळींना शब्द देईन. मुलगा काय वाईट नाय."

आजोबांच्या दारूच्या परवान्याच्या काळातली तांब्याची भट्टी, जिच्यावर आप्पा आता वैद्यांसाठी ओव्याचा अर्क काढतात, ती आठवड्यातून एक दिवस मला मिळेल. तुसाच्या पहिल्या उकळीतून जे कच्चे पाणी निघेल ते मी काढायचे. ते साठले की त्याची दुसरी उकळ, जिच्यातून अर्क बनतो, ती मात्र आप्पाच लावणार. पहिली धार पडेपर्यंत बायकांनी मागच्या पडवीत थांबायचे, हा नियम तुला सांगायला नको.

एक विनंती आहे. बाटली तयार झाली की प्रोफेसरसाहेबांसमोर ती तूच ठेव. परक्या माणसापुढे, तेही इंग्रजीत, मला दोन वाक्ये बोलता यायची नाहीत. मॅट्रिकच्या बक्षीससमारंभात माझे नाव पुकारले आणि मी जागेवरून उठलेच नाही, हे तू विसरला नसशील.

तुझी,
राही


मुंबई,
ता. १८ नोव्हेंबर १९३३

चि. राहीस आशीर्वाद.

तुला नेमके कळले आहे. 'मध्यस्थ' हा शब्द मी आमच्या रसायनशाळेत ऐकवला, तेव्हा दोघांना फार आवडला.

सोबत ॲनिलिनची लहान बाटली पाठवत आहे. ते सिरक्यात मिसळून त्यात टिपकागदाची पट्टी भिजव. फर्फुरलची नुसती वाफ लागली तरी पट्टी लाल होते. नसेल तर पांढरीच राहते. ही पट्टी खोटे बोलत नाही. तेल पाण्यापेक्षा जड असते, म्हणून ते तळाशी शोध, पाण्यावर तरंगताना नव्हे. हाताला लागू देऊ नकोस.

रत्नागिरीस एका लहानशा प्रयोगशाळेत हे काम चालू आहे असे मी सरांना सांगितले आहे. त्यांना फार उत्सुकता आहे. आप्पाकाकांना व काकूंना नमस्कार.

तुझा,
रावजी


रत्नागिरी,
ता. २१ डिसेंबर १९३३

ती. दादास नमस्कार.

आनंदाची आणि दुःखाची बातमी एकाच पत्रात देणे मला आवडत नाही, पण त्या दोन्ही एकाच महिन्यात घडल्या.

आनंदाची अशी की पहिल्या उकळीच्या कच्च्या पाण्यावर पट्टी धरली आणि ती पाहता पाहता गुलाबी होऊन लाल झाली. पाण्याला कडू बदामासारखा वास येत होता. तो वास कुंपणापलीकडे गेला असावा, कारण शेजारच्या यमुनाकाकी येऊन विचारू लागल्या, "काय गो राही, तुसाचं अत्तर काढतेस म्हणे? देवरुखच्यांकडं लावून जाशील ना?" बोलण्याजोगे उत्तर मला नेहमीप्रमाणे संध्याकाळी सुचले.

अशा पाच उकळींचे पाणी मी घड्यात साठवले. मग आप्पांनी दुसरी उकळ लावली. मी पडवीत बसून होते. त्यांनी हाक मारल्यावर धावत गेले, नळीखालच्या बाटलीवर पट्टी धरली, आणि दादा, पट्टी पांढरी! तळाशी तेल नाही, वास जवळजवळ नाही, नुसते स्वच्छ पाणी. आप्पांनी विचारले, "झालं काय गो?" मी नकारार्थी मान हलवली.

जे घड्यात होते ते बाटलीत आले नाही. मग ते गेले कोठे?

तुझी,
राही


मुंबई,
ता. २ जानेवारी १९३४

चि. राहीस आशीर्वाद.

निराश होऊ नकोस. मी पुस्तके चाळली. तेल दुसऱ्या उकळीत नष्ट होत असावे. कारणे दोन संभवतात. एक, तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाला लागून त्याचे विघटन होत असेल. दोन, आच फार तीव्र असेल. तेव्हा हंड्याला कल्हई करून घे आणि आच मंद ठेव. शिवाय दुसऱ्या उकळीच्या पाण्यात भरपूर मीठ घाल. मिठाने तेल पाण्यातून लवकर सुटते आणि आधी वर येते, असा अनुभव आहे.

हे तिन्ही केलेस तर यश न येण्याचे कारण मला दिसत नाही.

तुझा,
रावजी


रत्नागिरी,
ता. १२ फेब्रुवारी १९३४

ती. दादास नमस्कार.

तुला दिसत नाही ते कारण मलाही दिसलेले नाही, पण ते आहे.

कल्हई केली. कल्हईवाला दोन आठवडे आलाच नाही, तो लांज्याच्या बाजारात होता. आला तेव्हा इतकी सुंदर कल्हई केली की हंड्यात तोंड दिसे. तुसाच्या पहिल्याच उकळीत आम्लाने ती खाऊन टाकली. कल्हईचे पैसे गेले म्हणून आई माझ्याशी बोलत नव्हती. आता बोलते आहे, पण फक्त जेवणापुरती. आच मंद ठेवली, तर आप्पांचा ओव्याचा अर्क एका दिवसाने लांबला आणि वैद्यबुवांचा माणूस रिकाम्या हाताने परतला. मीठ घातले, तर मिठाआधीच्या खेपेस पट्टी निदान किंचित गुलाबी दिसली होती, तीही दिसेना. तुझ्या सल्ल्याने पट्टी अधिक पांढरी झाली आहे, दादा. हे मी रागाने लिहीत नाही, निरीक्षण म्हणून लिहिते.

खरे सांगायचे तर रागानेही लिहिते. घड्यात पट्टी लाल, बाटलीत पांढरी. मध्ये एक हंडा, एक नळी आणि आमच्या घरचे एक आप्पा. यांतले काहीच खोटे नाही, मग उत्तर खोटे का येते?

आप्पांचेही मन थाऱ्यावर नाही. भट्टीमागचा राखणदाराचा, म्हणजे जागेच्या देवाचा, माड पिवळा पडत चालला आहे. खालच्या झावळ्या सुकून गळतात. यमुनाकाकींनी लगेच सांगून टाकले की पोरीने भट्टीत नाही ते उकळले म्हणून जागेचा राखणदार रुसला. आप्पा हल्ली भट्टी लावण्याआधी त्या माडापाशी बराच वेळ उभे असतात.

तुझी,
राही


मुंबई,
ता. २० फेब्रुवारी १९३४

चि. राहीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला सूर मला समजतो. परंतु शास्त्रात रागाला जागा नाही. येथे हाच प्रयोग मी काचेच्या उपकरणांत, बाजारातून आणलेल्या तुसावर करून पाहिला. पहिल्याच खेपेस तेल मिळाले. म्हणजे रीत बरोबर आहे. तेव्हा दोष हाताळणीत असला पाहिजे. दुसऱ्या उकळीच्या वेळी तू भट्टीपाशी लक्षपूर्वक उभी राहतेस ना? पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून पाहिल्याशिवाय प्रयोग होत नाही.

खेडचा एक विद्यार्थी याच शिष्यवृत्तीसाठी सरांना भेटून गेला. मुलगा चुणचुणीत आहे.

तुझा,
रावजी


रत्नागिरी,
ता. ४ मार्च १९३४

ती. दादास नमस्कार.

मी उभी राहत नाही. मला उभे राहू देत नाहीत. हे मी तुला नोव्हेंबरातच लिहिले होते, आणि तू या घरात वाढलास.

तू काचेच्या उपकरणांत तेल काढलेस याचा आनंद आहे. ते खेडच्या मुलाला दाखव.

शिमग्याच्या सोंगांनी अंगण भरले आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

राही


मुंबई,
ता. १० एप्रिल १९३४

चि. राहीस आशीर्वाद.

महिना उलटला, तुझे पत्र नाही. मागच्या पत्रात माझ्याकडून जे लिहिले गेले ते लिहायला नको होते. मी काचेच्या नळीपुढे उभा राहून तुला उपदेश केला.

सरांनी काल विचारले, "तुमच्या रत्नागिरीच्या संशोधकाचे काय झाले?" ते अजून थांबले आहेत. कॉलेज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडेल, त्याआधी शिफारस गेली पाहिजे. आगबोटी मेअखेर बंद होतील. एवढ्या मुदतीत एक बाटली, मग ती अंगठ्याएवढी का असेना, मिळाली तर मी खेडच्या मुलाचे नाव मागे ठेवायला लावतो.

एकदा, शेवटची म्हणून, करून पाहा. आम्लाची दुसरी बाटली युसुफ तांडेलांबरोबर पाठवली आहे.

तुझा,
रावजी


रत्नागिरी,
ता. २९ एप्रिल १९३४

ती. दादास नमस्कार.

हे पत्र सावकाश वाच. मी ते सावकाश लिहिते आहे, कारण भराभर लिहिले तर मी काय लिहीन याची मला खात्री नाही.

सोमवारी आप्पांनी दुसरी उकळ लावली. मी नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत, भिजवलेली पट्टी चिमटीत धरून, हाक येण्याची वाट बघत होते. तेवढ्यात धप्प आवाज झाला आणि आई चुलीपासून ओरडली, "राही, राखणदाराच्या माडाची झावळ पडली बघ, वाटेतनं काढ." आप्पा भट्टीकडे वळलेले होते. मी झावळ उचलायला वाकले. बुंध्याशी गवत जळाल्यासारखे काळे पडले होते, माती ओली होती. आधी बदामाचा वास आला. मग हातातल्या पट्टीकडे लक्ष गेले.

ती लाल झाली होती, दादा. गुलाबी नव्हे, कुंकवासारखी लाल. घड्यावर झाली होती त्याहूनही गडद.

मी ती पट्टी पदरात धरून आईपाशी गेले आणि विचारले, "आप्पा पहिली धार राखणदाराला किती देतात गो?" आपल्या घरची ही चाल मलाही ठाऊक आहे, तुलाही. पळीभर. पळीभर धार झाडाच्या मुळाशी ओतायची आणि हात जोडायचे. इतकी ठाऊक की तुला लिहिलेल्या एकाही पत्रात मी तिचा उल्लेख प्रयोगाचा भाग म्हणून केला नाही. देवळात शिरताना वहाणा काढल्या हे कोणी प्रयोगात लिहिते का?

आई भाकरी थापायची थांबली. म्हणाली, "आधी पळीभरच देत. तुझं पहिल्यांदा नाय जमलं, तेव्हा लोटा केला. माड पिवळा पडाय लागला तशी त्यांना वाटलं, मान कमी पडतोय. शिमग्यापासनं अर्धी कळशी देतात. तुझं व्हावं म्हणून गो. मला म्हणाले, तिला सांगू नको, पोर पुस्तकं वाचते, हसेल."

मला हसू आले नाही. मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि तुसाच्या ढिगावर बसून राहिले.

आता सर्व कोडे उलगडते. दुसऱ्या उकळीत तेल सर्वांत आधी, पहिल्या वाफांबरोबरच वर येते. मिठाने ते आणखी लवकर सुटते. म्हणजे तुझ्या मिठाने उरलेसुरले तेलही पहिल्या धारेतच गेले. जेवढे तेल होते तेवढे आप्पांनी माझ्यासाठी म्हणून माडाच्या मुळाशी ओतले. त्या तेलाने माड वाळू लागला, तो वाळतो म्हणून त्यांनी आणखी ओतले. चार महिने मी तांब्याला, आचेला, आम्लाला, कल्हईवाल्याला आणि तुला दोष दिला. आता ज्यांच्यावर रागवायचे त्यांच्यावर रागवता येत नाही, आणि राग तर जात नाही.

त्यांना हे कसे सांगू? तू सांगशील का पत्राने?

तुझी,
राही


मुंबई,
ता. ७ मे १९३४

चि. राहीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी उठून गच्चीवर गेलो.

मी पत्राने सांगणार नाही. हे तुझ्याच तोंडून गेले पाहिजे. आप्पाकाका माझे ऐकून भट्टीची चाल बदलतील असे तुला वाटत असेल तर तू त्यांना ओळखत नाहीस. आणि त्यांना माझ्याकडून कळले की तू इतके दिवस हे मनात धरून होतीस, तर त्याचे त्यांना अधिक लागेल.

आणखी एक गोष्ट तुला कळायला हवी. डिसेंबरात, तुझी पहिली बाटली फसल्यावर, सरांनी मला विचारले होते, "दुसऱ्या उकळीचा पहिला भाग कोठे जातो?" मी तत्काळ उत्तर दिले, "सर्व एकाच बाटलीत जमा होतो." तुला विचारले नाही. विचारले असते तर भट्टीविषयी लिहावे लागले असते, आणि मी येथे 'भट्टी' हा शब्द कधी उच्चारलेला नाही. 'लहानशी प्रयोगशाळा' म्हणून मी मोकळा झालो. लहानपणी काकांच्या हातातली ती पळी माडापर्यंत मीच नेत असे.

मुदत आहे. शेवटची बोट महिनाअखेरीस.

तुझा,
रावजी


रत्नागिरी,
ता. २३ मे १९३४

ती. दादास नमस्कार.

ज्यांचे आडनावच दारूवाला, त्यांच्यापासून तू आपली भट्टी लपवून ठेवलीस! हे वाचून मी गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच मोठ्याने हसले. आई दचकली.

आता झाले ते लिहिते.

तुझे पत्र आल्यावरही तीन-चार दिवस मी शब्द जुळवत होते. एक वाक्य तयार होई, आप्पा समोर येत, आणि मी उठून पाणी भरायला जाई. शेवटी बोलण्याचे सोडून मी ती वाळलेली लाल पट्टी त्यांच्या सुपारीच्या तबकात ठेवली.

"ही काय?"

"तुमच्या राखणदाराच्या माडाखालची."

त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पावलं त्याला! बघ गो, लाल झाली. घेतलं त्यानं."

दादा, त्या क्षणी मला वाटले की आपण काहीच बोलू नये. देवरुखला जावे, भाकऱ्या भाजाव्यात. पण तोंडातून शब्द गेले होते. "आप्पा, त्यानं घेतलं नाही. तुम्ही दिलंत. माझं सगळं तेल दिलंत."

मग मी त्यांना समजावून सांगितले. ते भट्टीचे जाणकार. पहिल्या धारेत जोर असतो हे त्यांना मी काय सांगावे? "म्हणून तर ती देवाची," एवढेच ते म्हणाले. मग पट्टी उलटवून पाहत, "अर्धी कळशी गो?"

"अर्धी कळशी."

"आणि माडपण त्यानंच वाळला?"

मी मान डोलावली. त्यांनी पट्टी पुन्हा तबकात ठेवली. मला वाटले, आता पुढच्या खेपेची पहिली धार ते मुकाट्याने मला देतील. पण तसे झाले नाही. म्हणाले, "माझ्या बापानं ठरवून दिलेला मान मी परस्पर काढून घ्यायचा नाय. त्याला विचारायला हवं. गाऱ्हाणं घालायला हवं." मला इतका संताप आला! बोटी बंद व्हायला जेमतेम दोन आठवडे उरलेले आणि आम्ही झाडाची परवानगी मागणार! पण त्यांचा स्वर ऐकून मी नारळ शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नारळ घेऊन माडापाशी उभे राहिले. मग थांबले. "'व्हय महाराजा' कोण म्हणणार?" वाडीतले पुरुष मुंबईस, गाऱ्हाण्याला साद द्यायला कोणी नाही. मी म्हणाले, "मी म्हणेन."

"तू? तुझा आवाज पडवीच्या बाहेर जात नाय. आणि बाईमाणसानं..." ते मध्येच थांबले. माडाकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "बरं, उभी रहा इथं. माझ्या उजव्या हाताला."

त्यांनी डोळे मिटले. "बा राखणदारा, ह्या जागेच्या धन्या! माझ्या बापापासनं पहिली धार तुझी, ती आमी कधी चुकवली नाय..."

"व्हय महाराजा," मी म्हणाले. यमुनाकाकींच्या कोंबडीनेसुद्धा मान वर केली नाही.

"पोरीचं काम आडलं म्हणून मी जास्त दिली. माझी मती चुकली. तुझ्या माडाचा जीव जातोय, पोरीचं वर्ष जातंय..."

"व्हय महाराजा!"

"आजपासनं पहिली धार हिची, दुसरी तुझी. हिनं भट्टीपाशी उभं राहिलेलं गोड मानून घे. रागवायचं तर माझ्यावर रागव, हिच्या वाटेत येऊ नको. हिचं तेल हिच्या पदरात घाल!"

"व्हय महाराजा!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की यमुनाकाकी लाटणे हातात घेऊनच कुंपणाशी आल्या. त्यांना वाटले, साप निघाला. आप्पांनी नारळ फोडला आणि मला म्हणाले, "आवाज हाय की गो तुला."

त्याच दिवशी मध्यंतरी घड्यात साठलेल्या पाण्याची दुसरी उकळ लागली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पहिली धार पडताना पाहिली. ती नितळ नसते, दादा. दुधासारखी गढूळ येते, आणि बाटली जरा वेळ स्थिर ठेवली की तळाशी थेंब गोळा होऊ लागतात. आधी एक, मग त्याला दुसरा येऊन मिळतो. मधाच्या रंगाचे, जड, हलवले तर सुस्तपणे सरकणारे तेल. आप्पांनी वास घेतला, नाक मुरडले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी होय? ओव्याचा बरा." मग तीच बाटली त्यांनी दिवसभर देव्हाऱ्यात ठेवली.

दुसरी धार त्यांनी ठरल्याप्रमाणे, पळीभर, माडाला घातली. ते आत गेल्यावर मी कडेच्या ताज्या ओलीवर पट्टी धरून पाहिली. पट्टी पांढरी राहिली. हे मी त्यांना सांगितलेले नाही. माडाला मात्र मधोमध एक नवी हिरवी सुई फुटली आहे, ती त्यांनी मला दाखवली.

ही बाटली मी युसुफ तांडेलांबरोबर पाठवत नाही. मी आणि आप्पा शनिवारच्या बोटीने निघतो. बाटली माझ्या हातात असेल. तू मला सरांसमोर उभे कर आणि बाजूला हो. खेडच्या मुलाचे नाव गेले असेल तर गेले. तरीही मला उभे कर. पहिला भाग कोठे जातो, हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे. मराठीत देईन. इंग्रजी तू कर, पण या खेपेला भट्टी, पळी, माड, यांतला एकही शब्द गाळू नकोस.

तुझी,
राही